गावातल्या घरगुती हिंसेची पाहणी कशी करावी, आणि त्या पाहणीतून शिकवावं कसं

सातारा-सांगलीकडे घरगुती हिंसेवरचा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचा असतो. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबरच्या पंधरवड्यात किंवा ८ मार्चला व्याख्यान होतं, कायद्याची माहिती दिली जाते, मुलं शपथ घेतात, फोटो निघतात. त्या गावात नेमकं काय घडतं हे व्याख्यात्याला माहीत नसतं. आणि ज्या बाईला ते कळायला हवं, ती त्या वेळी भांगलायला गेलेली असते. म्हणून आधी पाहणी करावी आणि तिच्यातून जे हाती लागेल त्यावर शिक्षण उभं करावं. महाविद्यालयाचा राष्ट्रीय सेवा योजना गट, बचत गटांचा ग्रामसंघ, समाजकार्याचे विद्यार्थी, गावातलं एखादं मंडळ, यांपैकी कोणालाही हे काम करता येतं. पण ते चुकलं तर एखादी बाई त्या रात्री जास्त मार खाते. त्यामुळे कामाचा क्रम पाळा.

पहिली पायरी: मदतीची साखळी

प्रश्नावलीला हात लावण्याआधी हे काम. एखाद्या बाईनं तुमच्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं आणि तुमच्याकडे तिला द्यायला काहीच नसेल, तर तुम्ही तिचं दुःख फक्त मोजून आणलंत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९–२१) सांगते की महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. देशभरात ज्यांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली, त्यांतल्या जेमतेम १४ टक्के जणींनी कुणाकडे मदत मागितली. म्हणजे शंभर घरं फिरलात तर वीस-पंचवीस जणी सांगतील, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींनी ते आधी कुणालाही सांगितलेलं नसेल.

जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातून तुमच्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचं (घरगुती हिंसेच्या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेला अधिकारी) नाव घ्या आणि प्रत्यक्ष जाऊन भेटा. कोणत्या दिवशी बसतात, घटना अहवाल, म्हणजे हिंसेची नोंद करणारा कागद, भरून घ्यायला किती वेळ लागतो, बाई तालुक्याला येऊ शकत नसेल तर काय करायचं, हे विचारून लिहून घ्या. तालुका न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा समितीत जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला, म्हणजे हिंसा सोसलेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राला, जाऊन बघा. तिथे तात्पुरता निवारा साधारण पाच दिवसांचा असतो, त्यापुढची सोय कुठे होते ते आधीच विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगून ठेवा की मारहाणीची बाई आली तर जखमांची नोंद नीट व्हावी आणि ‘पडले’ असं परस्पर लिहिलं जाऊ नये.

यात नेहमी एक गोष्ट राहते, ती म्हणजे प्रवास. जतच्या पूर्व भागातून सांगली गाठायची किंवा पाटणच्या वरच्या वाडीतून सातारा, तर बाईचा अख्खा दिवस जातो. शेवटची एसटी किती वाजता, भाडं कोण देणार, मुलं कुणाकडे, म्हशीची धार कोण काढणार, याची उत्तरं कागदावर असतील तरच साखळी पुरी झाली. ‘जनावरांचं कोण बघणार’ हा सवय म्हणून दिलेला बहाणा नसतो. बाई खरोखर त्यावर अडते.

मग प्रत्येक नंबर दोनदा लावा, एकदा दुपारी, एकदा रात्री दहानंतर. कोणी उचलला, किती वेळात, काय उत्तर आलं, ते नोंदवा. जो नंबर उचलला जात नाही तो कार्डावर छापू नका.

गाव, वेळ आणि कोणाला विचारायचं

चारशे उंबऱ्यांचं गाव धरून हिशेब मांडू. २५ टक्क्यांच्या आसपासचा आकडा पाच टक्के कमी-जास्त इतक्या अचूकतेनं हवा असेल तर मोठ्या लोकसंख्येत २८८ मुलाखती लागतात. गाव चारशे घरांचं असल्यामुळे १६८ पुरतात. सात टक्क्यांची ढिलाई चालत असेल तर १०८. शिक्षण आखण्यासाठी १०८ पुरेशा आहेत. काही घरं बंद मिळतात, काही जणी नको म्हणतात, म्हणून १३० घरांची तयारी ठेवा, म्हणजे साधारण दर तिसरं घर. पहिलं घर चिठ्ठी टाकून ठरवा. सोयीच्या गल्लीपासून सुरुवात केली तर पाहणी त्या भावकीचीच होऊन बसते.

घरांची यादी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून, म्हणजे घरपट्टीच्या यादीवरून, मिळते, पण ती अपुरी असते. रानातल्या वस्त्या, वीटभट्टीवरची कुटुंबं, ऊसतोडीला आलेल्यांची पालं तिच्यात सापडत नाहीत. अंगणवाडी ताईंच्या नोंदवहीशी ती ताडून बघा. सर्वांत जास्त निसटतात त्या नवऱ्यानं टाकलेल्या बायका. त्या माहेरी भावाच्या घरात राहतात, आणि ‘घरात लग्न झालेल्या किती’ असं विचारलं की वहिनीचं नाव सांगितलं जातं, हिचं नाही. सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या इंदूताई पाटणकरांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून १९८०च्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न उभा केला. तरीही नमुना काढताना त्या आजही सुटतात. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘या घरात झोपणाऱ्या अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायकांची नावं सांगा, माहेरी आलेल्या, लेकीसुना, सगळ्या.’

एका घरातून एकच बाई घ्यायची, आणि तीही चिठ्ठीनं निवडायची. यात सूट नाही. सासू आणि सून दोघींना विचारलं की एकीला कळतं दुसरीला काय विचारलं गेलं, आणि संध्याकाळी चूल पेटायच्या आत ते घरभर होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली अशा संशोधनासाठी सुरक्षिततेची तत्त्वं काढली, त्यांतही एका घरात एकीलाच हे प्रश्न विचारावेत असं स्पष्ट आहे. पुरुषांना काही विचारायचं असेल तर ते त्या गावात नको, लांबच्या दुसऱ्या गावात विचारा.

वेळ शेतीप्रमाणे ठरवा. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी टाळा. हळद शिजवायच्या दिवसांत बाईला श्वास घ्यायला फुरसत नसते. ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की पालांवरच्या बायका पहाटेच फडात जातात. नागपंचमी आणि दिवाळीला लेकी माहेरी येतात, म्हणजे तेव्हा तुमच्या यादीतली सून गावात नसते. त्यातल्या त्यात बरा काळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा, आणि दिवसाची वेळ दुपारी एक ते चार. माण-खटावमध्ये पुरुष मुंबईत माथाडी कामावर असतात, विटा-आटपाडीकडे गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यासाठी देशभर पांगलेले असतात. तिथे नवरा घरी नाही म्हणून हिंसा नाही असं धरू नका. तिथे सासरे, दीर, जाऊ, आणि फोनवरची पाळत यांचे प्रश्न हवेत.

गावात काय सांगायचं? ग्रामपंचायतीच्या पत्रात आणि चावडीवर ‘बायकांचं आरोग्य आणि घरची परिस्थिती यांची पाहणी’ असंच नाव द्या. हे खोटं नाही, कारण प्रश्नावलीत आरोग्याचे प्रश्न खरेच असतात. पण त्या बाईला एकटीला मात्र सगळं खरं सांगायचं: पुढचे काही प्रश्न नवऱ्याच्या आणि घरच्यांच्या वागण्याबद्दल आहेत, उत्तर द्यायची सक्ती नाही, मध्येच थांबता येईल.

प्रश्न कसे लिहायचे

‘तुमच्यावर हिंसा होते का?’ हा प्रश्न विचारलात तर गावात हिंसा सापडणारच नाही. बाई म्हणेल, ‘छे, आमचे मालक देवमाणूस आहेत,’ आणि तिच्या दंडावर वळ असतील. ती खोटं बोलत नाही. थोबाडीत मारणं तिच्या लेखी हिंसेत येत नाही, ‘तेवढं चालायचंच’ यात येतं. म्हणून प्रश्न कृतीचे विचारा. ‘नवऱ्यानं कधी ढकललंय का? काही फेकून मारलंय? केस धरले, हात पिरगळला? थोबाडीत दिली? लाथ घातली, फरफटत नेलं? गळा दाबला? चटका दिला? विळा, कोयता, काठी उगारली?’ प्रत्येकाला ‘हो’ आलं की पुढे: ‘गेल्या बारा महिन्यांत?’ आणि ‘एकदा, काही वेळा, की सारखं?’ सौम्य कृतीपासून सुरुवात करून चढत जायचं.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५चा कायदा (अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) हिंसेचे चार प्रकार सांगतो: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. आर्थिक प्रकार आपल्याकडच्या प्रश्नावल्यांत फार लंगडा असतो. ‘पैसे देतो का’ एवढंच विचारून भागत नाही. बचत गटाचं कर्ज तुमच्या नावावर काढून दुसऱ्यानं वापरलंय का? मजुरीचे पैसे परस्पर मुकादम किंवा नवरा घेतो का? दुधाचं बिल कुणाच्या खात्यावर येतं? माहेरून पैसे, गाडी, हिस्सा आणायला सांगितलंय का? दागिने न विचारता गहाण पडलेत का? लैंगिक हिंसेचा प्रश्न सरळ पण मऊ शब्दांत: ‘तुमची इच्छा नसताना जबरदस्तीनं संबंध ठेवलेत का?’ हा प्रश्न शेवटी ठेवा, बोलणं जमल्यावर.

फक्त नवऱ्यावर थांबू नका. सांगलीत १९९२ पासून धंदा करणाऱ्या बायकांसोबत काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेनं आणि १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेनं दाखवून दिलं की ज्यांच्याबद्दल काही ठरवायचं त्या बायकांनीच ते काम चालवलं तर चित्र वेगळं दिसतं. नवरा हाच शब्द वापरणाऱ्या प्रश्नावलीत विधवा, टाकलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि धंदा करणाऱ्या बायकांवरची हिंसा कुठेच बसत नाही. ‘घरातलं किंवा बाहेरचं आणखी कोणी?’ हा रकाना हवाच.

हिंसेबरोबर समजुतीही मोजा, कारण शिक्षण त्यांच्यावर उभं राहतं. राष्ट्रीय पाहणीत सात कारणं विचारली जातात: न सांगता बाहेर गेली, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केलं, उलटून बोलली, संबंधाला नको म्हणाली, जेवण नीट केलं नाही, संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. या कारणांसाठी नवऱ्यानं मारलं तर ते बरोबर की चूक? हेच सात प्रश्न घ्या, म्हणजे तुमच्या गावाचा आकडा राज्याशी ताडता येईल.

प्रश्नावली गावच्या बोलीत तोंडी म्हणून बघा. ‘मानसिक छळ’ कुणाला कळत नाही, ‘टाकून बोलणं’, ‘चारचौघांत पाणउतारा’ कळतं. जतच्या ज्या गावांत घरात कन्नड बोललं जातं तिथे मराठी प्रश्नावली नेऊ नका. कन्नड बोलणारी मुलाखतकार शोधा. शेजारीण दुभाषी म्हणून बसवली की गोपनीयता संपली. शेवटी दहा जणींबरोबर रंगीत तालीम करा, पण पाहणीच्या गावात नको.

मुलाखतकार आणि मुलाखत

मुलाखतकार बाईच हवी, आणि त्या गावातली नको. आशाताईंना गाव ओळखतं म्हणून त्यांनाच हे काम देण्याचा मोह होतो. तो टाळा. ज्या बाईला उद्या लसीकरणाला तिच्याच समोर यायचंय ती आज मोकळं बोलणार नाही, आणि गावात काही झालं तर रोष त्या आशाताईंवर येईल. शेजारच्या तालुक्यातल्या चार-पाच जणी निवडा. प्रशिक्षण किमान पाच दिवसांचं. पहिला दिवस त्यांच्या स्वतःच्या समजुतींवर घालवा. ‘तिचंही काहीतरी चुकलं असेल’ असं मनात ठेवणारी मुलाखतकार एका भुवईनं समोरचीचं तोंड बंद करते. निवडलेल्यांपैकी काहीजणींनी स्वतः मार खाल्लेला असेल हे धरून चाला. त्यांना कधीही, कारण न सांगता, बाजूला होता आलं पाहिजे.

एक मुलाखत पाऊण तासाची. एकीनं दिवसात चारच घ्यायच्या. पाचवी घेतली की ती ऐकत नाही, नुसत्या खुणा करते. चौघीजणी धरल्या तर १०८ मुलाखतींना सात दिवस, आणि बंद घरांच्या फेऱ्या धरून नऊ.

जागा कुठली? घराच्या आत बहुतेक वेळा जमत नाही. परसू, गोठा, विहिरीचा काठ, रानातली बांधावरची सावली जास्त उपयोगी. दोन वर्षांवरचं मूल जवळ नको. चार वर्षांचं पोर संध्याकाळी बाबांना जसंच्या तसं सांगतं. फळीखाली एक दुसरी प्रश्नावली कायम ठेवा: पाणी कुठून आणता, गॅस किती दिवस पुरतो, शेवटचा ताप कुणाला आला. कुणी आलं की त्याच सुरात त्या प्रश्नांवर उडी मारायची. हे प्रशिक्षणात वीस वेळा करून घ्या, नाहीतर पान उलटताना होणारी गडबडच सगळं सांगून जाते. आणि बाईलाही आधी सांगून ठेवा: ‘कोणी आलं तर मी दुसरं विचारीन, तुम्ही घाबरू नका.’

संमती तोंडी घ्या आणि मुलाखतकारानं खूण करावी. सहीचा कागद म्हणजे पुरावा, तो सासऱ्याच्या हाती पडू शकतो. नाव लिहू नका, आकड्याचं सांकेतिक चिन्ह द्या. घरांची यादी आणि उत्तरं दोन वेगळ्या ठिकाणी कुलपात. उत्तरं मोबाइलवर भरायचं कोबो टूलबॉक्ससारखं अ‍ॅप वापरत असाल तर ठिकाण नोंदवणारी सोय बंद करा. कोणत्याही उत्तरपत्रिकेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये, ‘ताईंना शंका विचारायची होती’ म्हणूनसुद्धा.

गुप्ततेचं वचन देताना तिची मर्यादाही सांगा. मुलाखत अठरा वर्षांवरच्यांचीच. पण घरातल्या अल्पवयीन मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे आधी सांगितलं नाही आणि नंतर तक्रार केली, तर त्या गावात पुन्हा कोणी बोलणार नाही.

निघताना कार्ड द्यायचं, पण ‘महिला अत्याचार हेल्पलाइन’ असं ठळक छापलेलं नको. तळहाताएवढ्या कागदावर १०८ रुग्णवाहिका, १९६२ जनावरांचा दवाखाना, १९०६ गॅस गळती, आणि त्यांच्याच रांगेत ११२ (पोलीस-तातडीची मदत), १८१ (बायकांसाठी), १०९८ (मुलांसाठी), १५१०० (मोफत वकील), पण या चौघांपुढे कार्डावर नुसता आकडा. भिंतीवर चिकटवलं तरी कुणाला काही वाटत नाही. घ्यायला तयार नसेल तर हट्ट नको, १८१ एवढाच आकडा तोंडपाठ करून द्या.

गळा दाबला, जिवे मारायची धमकी दिली, रॉकेल-पेट्रोल ओतलं, गरोदरपणी मारलं, किंवा मार गेल्या काही महिन्यांत वाढत चाललाय, यांपैकी काही ऐकलं तर मुलाखत थांबवून पर्यवेक्षकाला कळवा. पुढं काय करायचं ते ती बाई ठरवेल. नवऱ्याला जाऊन समज देणं, पोलीस पाटलांना परस्पर सांगणं, तिच्या भावाला फोन करणं, हे तिच्या परवानगीशिवाय कधीही नाही. रोज संध्याकाळी मुलाखतकारांबरोबर अर्धा तास बसा. कागद तपासायला वेगळी वेळ ठेवा, हा अर्धा तास त्यांच्या मनावरचं ओझं उतरवायला आहे.

आकडे गावाला कसे दाखवायचे

‘तुमच्या गावात तीस टक्के नवरे मारतात’ असं ग्रामसभेत सांगितलं की दोन गोष्टी होतात. पुरुष भडकतात, आणि कुणी सांगितलं याचा शोध सुरू होतो. म्हणून तीन-चार गावांचे आकडे एकत्र करा, गावाचं नाव काढा, ज्या रकान्यात पाचपेक्षा कमी बायका आहेत तो छापू नका. जात, गल्ली, वय असं एकत्र दिलं की आकड्यातूनही माणूस ओळखता येतो. आधी महिला ग्रामसभेत दाखवा, तिथल्या बायका काय पुढे न्यायचं ते ठरवतील. सर्व गावासमोर फक्त समजुतींचे आकडे ठेवा: इतक्या जणांना वाटतं, उलटून बोललं तर मारणं बरोबर. यावर वाद होतो, तो व्हायलाच हवा, आणि त्यात कुणा एकीचं घर उघडं पडत नाही.

शिक्षण

एकच व्याख्यान काही बदलत नाही. मुंबईत २००८ साली ४५ महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या वर्गांपासून लिंगसमभावाचा उपक्रम सुरू झाला, तो खेळ, चर्चा आणि मोजणी यांवर उभा होता. आपल्या शाळांत आठ तासिका, दर आठवड्याला एक, वर्गात २५ मुलं, मुलगे-मुली एकत्र, एवढं तरी हवं. दोन तासिका मुलगे आणि मुली वेगळे बसवून घ्या.

पहिली तासिका नावांची. आपलं नाव कुणी ठेवलं, का ठेवलं? सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशा नावांच्या २८५ मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली गेली, ती हकिगत इथे सांगा. पण त्याआधी हजेरीपट बघा. वर्गात तशा नावाची मुलगी असेल तर ही तासिका तिच्यासमोर घेऊ नका.

दुसरी तासिका चोवीस चौकोनांच्या कागदाची. घरातल्या एका बाईचा आणि एका पुरुषाचा कालचा दिवस तासातासानं भरायचा. मुलं हमखास लिहितात: आई घरीच असते. तेव्हा खोदून विचारा: पाणी कोणी भरलं, वैरण कोणी आणली, शेण कोणी काढलं, आजीचं औषध कुणी दिलं? कागद पुन्हा भरायला लावा. पहिला आणि दुसरा कागद शेजारी ठेवले की मुलं स्वतःच बोलायला लागतात, शिक्षकानं सार काढायची गरज नसते.

रागाची तासिका सगळ्यांत महत्त्वाची. ‘राग आला की हात उठतोच’ हे मुलांनाही पाठ असतं. विचारा: मुकादमाचा राग आल्यावर उठतो का? कारखान्याच्या साहेबावर? दारू प्यायलेला माणूस फौजदाराला मारतो, की घरी जाऊन बायकोला? हात कुठे उचलायचा हे माणूस निवडतो, हे इथे मुलांच्या लक्षात येतं. दारूबद्दल गावात एक ठाम समजूत आहे की बाटली आडवी झाली की मार थांबेल. दारूनं मार वाढतो, जखमा वाढतात, दारूबंदीसाठी बायका एकत्र आल्या तर त्यांना बळही येतं. पण पाहणीत न पिणारे मारकुटे नवरे भरपूर सापडतात, म्हणून दारू हे एकमेव कारण म्हणून शिकवू नका.

मग शेजाऱ्याची तासिका. शेजारी मार चाललाय, आपण काय करायचं? चार गोष्टी करून दाखवा. दार वाजवून साखर मागायची. लांबूनच हाक मारून ‘काकू, आईनं बोलावलंय’ म्हणायचं. मोठ्या माणसाला घेऊन यायचं. ११२ लावायचा. मुलानं स्वतः मध्ये पडायचं नाही, हे स्पष्ट सांगा.

शरीर, परवानगी आणि नको म्हणण्याची तासिका प्रश्नपेटीनं करा. सगळ्यांना सारखी चिठ्ठी, प्रत्येकानं काहीतरी लिहायचं, प्रश्न नसेल तर आवडता खेळ लिहायचा, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. पेटी त्याच दिवशी उघडा. चिठ्ठीत अत्याचार दिसला तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. मुख्याध्यापक आणि १०९८ दोघांनाही त्याच दिवशी कळवा.

तालमीतल्या आणि मंडळातल्या पोरांशी वर्ग वेगळा. रात्री आठनंतर, पंधरा-वीस जण, सहा ते आठ बैठका, आणि चालवणारा त्यांच्याच भाषेत बोलणारा पुरुष. कायद्याच्या धाकानं सुरुवात केलीत की पहिल्या दहा मिनिटांत ‘खोट्या केसेस’ येणार. त्याला टाळू नका. सांगा की २००५चा कायदा मुळात राहण्याचा हक्क, पोटगी, संरक्षण आदेश देणारा आहे, आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. क्रूरतेचं कलम, जे आधी ४९८अ होतं ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५-८६ आहे, आणि त्यात सरसकट अटक नको असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलंय. एवढं नेमकं सांगितलं की हवा निघते. मग खरा विषय काढा: वडिलांना रडताना कधी पाहिलंय का, बायकोनं कमावलेलं चालतं पण खर्च केलेलं का चालत नाही.

बायकांच्या गटात कायदा कागदपत्रांतून शिकवा. सगळ्यांत पहिला प्रश्न येतो: ‘घर त्यांच्या नावावर आहे, हाकललं तर?’ सातबारा किंवा घरपट्टीवर नाव नसलं तरी नांदत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, हे २००५च्या कायद्याचं कलम १७. मग पिशवीचा पाठ: आधार, रेशन कार्ड, मुलांचे दाखले, पासबुक, लग्नपत्रिका किंवा फोटो, दवाखान्याचे कागद, दागिन्यांची यादी. मूळ कागद हलवता येत नसतील तर फोटो माहेरच्या विश्वासू माणसाच्या फोनवर पाठवून आपल्या फोनमधून पुसून टाका. न्यायालयात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हेही खरं सांगा. खोटी आशा घेऊन गेलेली बाई दुसऱ्या तारखेलाच परत फिरते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासवांना बोलावता येतं. त्यांना दोष देत बोलू नका. त्यांनी सून असताना काय सोसलं तिथून बोलणं सुरू करा.

तंटामुक्त समितीतल्या मंडळींसाठी एक बैठक राखून ठेवा. पंचांसमोर बाईला उभं करून ‘दोघांचंही चुकलं’ म्हणत मिटवणं हे सर्रास चालतं, आणि त्यानंतरचा मार जास्त असतो, कारण आता ती चव्हाट्यावर गेलेली असते. त्यांना एवढंच शिकवा: आधी तिला एकटीला विचारा, देवळात किंवा चावडीत नव्हे. माफी मागायला, पाया पडायला लावू नका. गुन्ह्याच्या बाबतीत तडजोड तुमच्या अधिकारात नाही. समेटाचा कागद झाला म्हणून तिचा न्यायालयात जायचा हक्क जात नाही.

फरक पडला का, हे बघताना

वर्ग सुरू होण्याआधी समजुतींचे तेच प्रश्न, संपल्यावर तेच, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. नावाऐवजी मुलांनी स्वतः तयार केलेली खूण वापरा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, आपल्या जन्माची तारीख, भावंडांची संख्या. शेजारच्या, वर्ग न झालेल्या एखाद्या गावातही हेच प्रश्न विचारा, नाहीतर एखाद्या मालिकेनं किंवा बातमीनं झालेला बदल तुमच्या खात्यावर जमा होतो. तिथल्या मुलांना नंतर वर्ग द्या.

वर्गांनंतर तक्रारी वाढतील. ‘तुमच्यामुळे घरं मोडायला लागली’ असं कुणीतरी म्हणेलच. त्यासाठी आधीच गावाशी बोलून ठेवा की पहिल्या वर्षी आकडा चढणार, कारण आधी जे लपलेलं होतं ते आता सांगितलं जातंय. मारहाण कमी झाली की नाही हे वर्षा-दीड वर्षानं, ‘गेल्या बारा महिन्यांत’ याच प्रश्नावरून बघायचं.

घरांची यादी काम संपल्यावर जाळून टाका, दोघांच्या समक्ष, आणि तारीख नोंदवा. संरक्षण अधिकाऱ्याची बदली होते, सखी केंद्राचा फोन बदलतो, म्हणून दर सहा महिन्यांनी प्रत्येक नंबर पुन्हा दोनदा लावून बघा, एकदा दुपारी, एकदा रात्री, आणि चुकलेला असेल तर नवी कार्डं घेऊन त्या गावांत परत जा.